पंडिता रमाबाई व शारदासदनाचे उघडे दार

ज्या गावात ख्रिस्ती घरे दोन-चार आणि बाकी सारे शेजारी अन्यधर्मी, तेथील आमच्या बंधुभगिनींस एक पेच नित्य पडतो. शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा मान राखावयाचा तर आपला विश्वास झाकून ठेवावा काय? आणि विश्वास उघड ठेवावयाचा तर शेजाऱ्यांशी भांडण मांडल्यावाचून गत्यंतर नाही काय? हा पेच नवा नव्हे. पंडिता रमाबाई यांस तो साऱ्या महाराष्ट्राच्या देखत सोडवावा लागला. रमाबाईंचे नाव व केडगावचे मुक्तिसदन ही आमच्या वाचकांस परिचयाची आहेत. परंतु केडगावापूर्वी पुण्यास जे घडले ते पुष्कळांस ठाऊक नसते. तेच आज विशेषेकरून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. स्त्रीस देवभाषा शिकविली म्हणून पंडितांनी त्यांस दोष दिला. शास्त्रीबोवांनी शास्त्राचेच आधार काढून उत्तर केले, परंतु शिकविणे सोडले नाही. बापाचा हा बाणा लेकीच्या अंगी पुरता उतरला होता. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. दक्षिणेतील दुष्काळाच्या दिवसांत आईबाप गेले, मागून बहीणही गेली. भाऊ श्रीनिवास व रमाबाई ही दोघे पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिभेद न मानता विवाह केला. परंतु १८८२ साली, वयाची चोवीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांस वैधव्य आले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या व स्त्रियांच्या उन्नतीसाठी त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ साली त्या विलायतेस गेल्या व ता. २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तेथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी घडली. ज्या धर्मभगिनींनी त्यांस आश्रय दिला, त्यांची इच्छा अशी की, रमाबाईंनी मंडळीचे सारे मत निमूटपणे मान्य करावे. परंतु जे पवित्र शास्त्र वाचून आपल्या मनास पटले नाही, ते केवळ उपकारकर्त्यांच्या भिडेने कबूल करणे रमाबाईंस खोटेपणाचे वाटे. त्रैक्याच्या मतासंबंधाने त्यांनी शंका काढल्या व वाद केला. उपकार त्या विसरल्या नाहीत; पण विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीनही केली नाही. दुसऱ्याच्या दडपणाचे दुःख ज्यांनी स्वतः भोगले, त्यांनी पुढे आपल्या आश्रितांशी कसे वागावे, ते येथेच ठरून गेले असे आम्हांस वाटते.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. हिंदु विधवांच्या स्थितीविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले, व त्याच वर्षी बोस्टन शहरी एक साहाय्यकारी मंडळ निघून त्याने दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले. ठराव असा झाला की, विधवांसाठी जी शाळा काढावयाची तीत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही, व कोणाच्याही आचारास धक्का लावावयाचा नाही. या बोलीवर ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणिले.

आता पेच पाहा. सदनातील मुली आपल्या जातीचे सोवळेओवळे पाळीत, आपली व्रते करीत. बाई त्यांस आडकाठी करीत नसत. तेव्हा काही ख्रिस्ती लोकच बाईंस नावे ठेवू लागले की, ज्या शाळेत ख्रिस्ताचे नाव शिकविले जात नाही ती ख्रिस्ती बाईने चालवावी कशाला? परंतु बाई स्वतः ख्रिस्ती होत्या, व ते त्यांनी कधी लपविले नाही. त्या आपल्या मुलीसह आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. कोणास त्या बोलावीत नसत. तथापि काही मुली आपण होऊन दारातून आत येत व बसून राहत. बाईंनी त्यांस हाकलून दिले नाही.

ही वार्ता बाहेर पसरली तेव्हा पुण्यात मोठे काहूर उठले. केसरी पत्राने कडक टीका केली. सदनाच्या सल्लागार मंडळीत न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ होते. त्यांनी १८९३ साली आपला संबंध सोडला. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. ज्या सदनासाठी बाईंनी सातासमुद्रापलीकडे जाऊन भिक्षा मागितली, ते बुडते की काय अशी वेळ आली.

येथे आम्ही केवळ एका बाजूचे बोलणार नाही. पालकांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. अल्पवयी, निराधार मुलगी आपल्या पोशिंदीवर जीव लावते. तिने न बोलता केलेल्या भक्तीचाही मुलीच्या मनावर ठसा उमटतो. रानड्यांसारखे मित्र दुरावले ते द्वेषाने नव्हे, तर पालकांस दिलेल्या शब्दाची काळजी वाहून. हे मान्य करूनही आम्हांस असे दिसते की, बाईंनी दिलेला शब्द शिकविण्यापुरता होता. आपली प्रार्थना चोरून करीन, किंवा जवळ येणाऱ्या लेकरास दार लावून घेईन, असा शब्द त्यांनी कधी दिला नव्हता. दार बंद केले असते तर सदन सुखरूप राहते. परंतु ज्याच्या कृपेने आपण जगलो त्याची लाज धरल्यासारखे झाले असते. म्हणून त्यांनी नुकसान सोसले, पण दार लाविले नाही. बोस्टनच्या मंडळाने चौकशी करून त्यांच्यावरील विश्वास कायम ठेविला, व सदन तगले. पुढील वर्षांत सदनातील काही जणींनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा टीका आणखी वाढली, तीही त्यांनी सोसली.

बळजबरी नव्हती याची साक्ष दुसऱ्या एका विधवेच्या चरित्रात मिळते. गोदूबाई ही सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. बाईंच्या छायेत ती चार वर्षे शिकली, आणि हिंदूच राहिली. १८९३ सालीच तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. या कर्वे यांनी १८९६ साली पुण्यास विधवांसाठी आश्रम काढिला. ख्रिस्ती बाईच्या घरी वाढलेली हिंदु विधवा असल्या कार्याची सहचारिणी झाली, हे रमाबाईंस भूषणच होय.

दहा वर्षांची मुदत १८९८ साली सरली व जुनी बोली संपली. तोपर्यंत १८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात स्वतः जाऊन बाईंनी शेकडो अन्नान्न झालेल्या स्त्रिया व मुली केडगावी आणिल्या होत्या. तेथील मुक्तिसदन ख्रिस्ती आहे हे त्यांनी जगास उघड सांगितले. एक बोली असता दुसरे करणे नाही, आणि बोली नसता संकोच नाही, अशी त्यांची रीत. टाकलेल्या बायका, आंधळ्या मुली, म्हाताऱ्या, सर्वांस तेथे जागा मिळाली. शेवटच्या वर्षांत इब्री व हेल्लेणी भाषा शिकून त्यांनी सारे पवित्र शास्त्र मराठीत आणिले, व ते मुद्दाम सोप्या भाषेत, खेड्यातील अल्पशिक्षित बाईस कळावे असे. त्याची छपाई मुक्तीतील स्त्रियांच्या हातून झाली. १९२१ साली मनोरमा वारली, ता. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईही प्रभूकडे गेल्या. ते भाषांतर त्यांच्यामागे १९२४ साली प्रसिद्ध झाले.

प्रिय वाचकहो, आपणांपैकी कोणी शाळामास्तर आहेत, कोणी उपदेशक, कोणी साधे शेतकरी. आपल्या ओटीवर शेजाऱ्यांची मुले खेळावयास येतात. त्यांस फसवून, लालूच दाखवून किंवा धाक घालून आत ओढणे हे प्रभूचे काम नव्हे. पालकांस दिलेला शब्द मोडणे तर नव्हेच. परंतु कोणी येईल या भयाने प्रार्थनेच्या वेळी कडी लावून घेणे हेही प्रीतीचे लक्षण नव्हे. शेजाऱ्याच्या देवळापुढून जाताना थट्टा करू नये, आणि आपले गीत गाताना आवाज चोरू नये. यात दोन्हीकडून बोल लागतील, रमाबाईंस लागले. आज सायंकाळी घरी प्रार्थनेस बसाल तेव्हा आपले दार कसे आहे, ते एकदा पाहून घ्यावे.