हिंगोलीतलं 'लायगो' ज्याच्या यंत्रावर उभं राहतंय, त्या माणसाला स्वतःचा प्रयोग फसला असंच वाटलं होतं

औंढा नागनाथ म्हटलं की आपल्याला ज्योतिर्लिंग आठवतं. पण गेली काही वर्षं हिंगोली जिल्ह्यातल्या या तालुक्याचं नाव वेगळ्याच कारणाने बातम्यांमध्ये येतंय. ते कारण म्हणजे लायगो इंडिया. ६ एप्रिल २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात जोडलेल्या ४-४ किलोमीटरच्या दोन नळ्या, आत पोकळी, त्यातून धावणारा लेझर आणि काम काय, तर अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडायच्या.

ऐकायला सायन्स फिक्शन वाटतं. पण या यंत्राचा सांगाडा बीएस्सीच्या ऑप्टिक्सच्या पुस्तकात असतो. मायकेलसन इंटरफेरोमीटर. आकृती काढा, मार्क घ्या, विसरून जा. त्या आकृतीमागचा माणूस मात्र विसरण्यासारखा नाही.

अल्बर्ट मायकेलसनचा जन्म १९ डिसेंबर १८५२ चा, तेव्हाच्या प्रशियातल्या आणि आताच्या पोलंडमधल्या स्ट्रेल्नो गावचा. तो लहान असतानाच ज्यू आईवडील अमेरिकेला गेले. वडील खाणकामगारांच्या वस्त्यांमध्ये दुकान चालवायचे. म्हणजे पोरगा वाढला कुठे, तर सोन्याचांदीच्या खाणींच्या गावात.

१८६९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याला नौदलाच्या अकादमीत जायचं होतं. परीक्षेत तो आणि दुसरा एक मुलगा बरोबरीत आले आणि जागा दुसऱ्याला मिळाली. पठ्ठ्या थेट वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना भेटायला गेला. राष्ट्राध्यक्षांच्या हातात दहा जागा असायच्या, त्याही भरलेल्या. शेवटी नियम वाकवून त्याच्यासाठी अकरावी जागा काढली गेली. आपलं करिअर एका बेकायदा कामातून सुरू झालं, असं तो पुढे गमतीत सांगायचा.

अकादमीत तो ऑप्टिक्समध्ये हुशार आणि जहाज चालवण्यात कच्चा. पास झाल्यावर तिथेच शिकवायला लागला. विद्यार्थ्यांना वर्गात प्रकाशाचा वेग मोजून दाखवायचा होता. फिरत्या आरशाची फूकोची जुनी पद्धत त्याने सुधारली. मोठा प्रयोग करायला सासऱ्यांनी २,००० डॉलर दिले. (सासरे असावेत तर असे.) १८७९ मध्ये आकडा आला सेकंदाला २,९९,९१० किलोमीटर. आज मान्य असलेला आकडा २,९९,७९२ आहे. म्हणजे चूक फक्त ११८ किलोमीटरची.

आता मुख्य गोष्ट. तेव्हा शास्त्रज्ञांना वाटायचं की आवाजाला जशी हवा लागते, तसं प्रकाशालाही काहीतरी माध्यम लागत असणार. त्याला नाव दिलेलं ईथर. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण ३० किलोमीटर वेगाने फिरते. मग तिच्यावर ईथरचा वारा लागायला हवा.

हा वारा मोजायचा कसा? समजा कयाधूला पाणी आहे आणि दोन सारखेच पोहणारे आहेत. एक नदी आडवी पार करून परत येतो. दुसरा तेवढंच अंतर प्रवाहाविरुद्ध जाऊन प्रवाहाबरोबर परततो. गणित करून बघा, आडवा जाणारा आधी पोहोचतो. मायकेलसनने माणसांच्या जागी प्रकाश ठेवला. एक किरण, मध्ये अर्धा प्रकाश आरपार सोडणारा तिरपा आरसा, त्यातून काटकोनात निघालेले दोन किरण. दोघे आरशांवरून परत येऊन एकमेकांत मिसळले की उजळ-काळे पट्टे दिसतात. एखाद्याला किंचित जरी उशीर झाला तरी पट्टे सरकतात.

१८८१ मध्ये जर्मनीत पहिला प्रयत्न झाला. यंत्राचा खर्च टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या मदतीतून निघाला. बर्लिनमधल्या रहदारीने पट्टे इतके थरथरायचे की यंत्र पॉट्सडॅमला हलवावं लागलं. ईथरचा पत्ता नाही.

मग क्लीव्हलंडमध्ये रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्लीची साथ मिळाली. हा काळ सोपा नव्हता. १८८५ मध्ये कामाच्या ताणाने मायकेलसन कोसळला, काही महिने न्यूयॉर्कला उपचार घ्यावे लागले. १८८६ मध्ये त्याच्या कॉलेजला आग लागली. तरी जुलै १८८७ मध्ये दोघांनी दगडाची जाड फरशी पाऱ्यावर तरंगवली, वर आरसे बसवले, प्रकाशाला उलटसुलट फिरवून ११ मीटरची वाट दिली. पट्टा ०.४ इतका सरकायला हवा होता. त्याच्या विसाव्या भागाइतकाही सरकला नाही.

मायकेलसन निराश झाला. वर्षभर वेगवेगळ्या ऋतूंत मोजायचा बेत होता, तोही सोडून दिला. १९०५ मध्ये आइनस्टाइनने ईथरची गरजच नाही असं मांडलं. हा प्रयोग वाचूनच सापेक्षता सुचली असं आपल्याला शिकवतात, पण ते इतकं सरळ नाही. आइनस्टाइनकडे दुसरीही कारणं होती. गंमत म्हणजे मायकेलसनला शेवटपर्यंत ईथर सोडवला नाही.

त्याचं यंत्र मात्र कामाला आलं. पॅरिसमध्ये त्याने मीटरची लांबी कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या तरंगलांबीत मोजली. १९०७ मध्ये नोबेल मिळालं. विज्ञानातलं नोबेल मिळवणारा तो पहिला अमेरिकन. १९२० मध्ये याच तत्त्वावर बीटलज्यूस, म्हणजे आपल्या काक्षी ताऱ्याचा व्यास मोजला गेला. आणि १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिली गुरुत्वीय लहर पकडली, तेव्हा नळीच्या लांबीतला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी लहान होता. लहर आकाशात नेमकी कुठून आली हे सांगायला दोन यंत्रं अपुरी पडतात. दूरवर आणखी एक असलं की जागा पक्की होते. औंढ्याचं महत्त्व इथे आहे.

म्हातारपणी मायकेलसन पुन्हा प्रकाशाच्या वेगाकडे वळला. १९२६ ला दोन डोंगरांमधल्या ३५ किलोमीटरवर मोजून आकडा काढला, २,९९,७९६. हवेचा अडथळाही नको म्हणून कॅलिफोर्नियात एक मैल लांब नळी टाकून आतली हवा काढली. मोजणी नुकतीच सुरू झाली होती आणि ९ मे १९३१ ला तो गेला. सहकाऱ्यांनी काम पूर्ण करून १९३५ मध्ये आकडा छापला, २,९९,७७४. पोकळी वापरूनही तो १८ किलोमीटरने चुकला. डोंगरांवरचा म्हाताऱ्याचा आकडा फक्त ४ ने चुकला होता.