फ्रँक ई. बटॉल्फ

फ्रँक ई. बटॉल्फ (मूळ नाव : फ्रान्सेस एडिथा बटल्स, जन्म : मॅन्सफील्ड, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका, मृत्यू : न्यू यॉर्क, २७ फेब्रुवारी १९२४) या मेनूकार्डांच्या अमेरिकन संग्राहक होत्या. हॉटेले, उपाहारगृहे, समारंभीय भोजने, आगबोटी आणि रेल्वेचे भोजनडबे यांतील २५,०००हून अधिक मेनूकार्डे त्यांनी जमवली व ती न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन केली. जेवण आटोपताच टाकून दिला जाणारा कागद हे इतिहासाचे साधन आहे, अशी त्यांची धारणा होती. या कामासाठी त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ विनावेतन श्रम केले. त्यांचा संग्रह आज बटॉल्फ संग्रह या नावाने ओळखला जातो.

पूर्वायुष्य

बटॉल्फ यांचे जन्मवर्ष काही नोंदींत १८४४, तर काहींत १८५० असे आढळते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील मॅन्सफील्ड या लहान गावी त्यांचे बालपण गेले. न्यू यॉर्कमध्ये स्थायिक होण्यापूर्वी त्यांनी शिक्षिका म्हणून काम केले. फ्रान्सेस हे स्त्रीवाचक नाव बाजूला ठेवून त्यांनी फ्रँक हे एरवी पुरुषांचे मानले जाणारे नाव स्वीकारले, तसेच बटल्स या आडनावाऐवजी बटॉल्फ हे रूप वापरले. त्या अविवाहित होत्या. संग्राहक म्हणून त्यांची ओळख निर्माण झाली ती उतारवयात. ज्या वयात लोक कामातून निवृत्त होण्याचा विचार करतात, त्या वयात त्यांनी आपल्या आयुष्यातील मुख्य कामाला आरंभ केला.

संग्रहाचा आरंभ

न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालय ही संस्था १८९५मध्ये ॲस्टर ग्रंथालय, लेनॉक्स ग्रंथालय आणि टिल्डन न्यास यांच्या एकत्रीकरणातून स्थापन झाली. तिचे पहिले संचालक जॉन शॉ बिलिंग्ज हे मूळचे लष्करी शल्यवैद्य होते. १८९९मध्ये बटॉल्फ यांनी मेनूकार्डांचा संग्रह करून तो ग्रंथालयाला देण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे मांडला. एखाद्या ग्रंथालयाने खाद्यपदार्थांच्या याद्या सांभाळाव्यात, ही कल्पना त्या काळी विचित्र वाटण्याजोगी होती. तरीही बिलिंग्ज यांनी ती मान्य केली. १ जानेवारी १९०० रोजी न्यू यॉर्कच्या युनियन स्क्वेअर भागातील एका उपाहारगृहात बटॉल्फ यांना नव्या सालाचा आकडा छापलेले मेनूकार्ड मिळाले. बदलत्या शतकाची खूण एका साध्या कागदावर उमटलेली पाहून या संग्रहामागील त्यांचा विचार पक्का झाला, असे मानले जाते.

खुद्द खाद्यपदार्थांविषयी बटॉल्फ यांना फारशी आस्था नव्हती. पुढील काळातील अभ्यासकांना आपल्या काळातील माणसे काय खात होती, त्यासाठी किती पैसे मोजत होती आणि कोणत्या निमित्ताने एकत्र बसत होती, हे समजावे हा त्यांचा हेतू होता.

कार्यपद्धती

बटॉल्फ ठिकठिकाणच्या हॉटेलांना व उपाहारगृहांना पत्रे लिहून मेनूकार्डे मागवीत. पत्राचे उत्तर न आल्यास त्या स्वतः तेथे जाऊन मागणी करीत. उपाहारगृह व हॉटेल व्यवसायाच्या नियतकालिकांत त्यांनी जाहिरातीही दिल्या. १९०४ ते १९०९ या काळात न्यू यॉर्क टाइम्स या दैनिकाने त्यांच्या कार्याची तीन वेळा दखल घेतली.

मेनूकार्ड स्वच्छ असावे, त्यावर डाग वा चुरगळल्याच्या खुणा नसाव्यात, याविषयी त्यांचा कटाक्ष असे. आलेल्या प्रत्येक कार्डावर संग्रहाच्या नावाचा शिक्का उमटवला जाई. त्यांनी कार्डांची वर्गवारी केली आणि नोंदपत्रेही तयार केली. एकाच स्थळाची निरनिराळ्या वर्षांची कार्डे शेजारी ठेवून पाहता येणे ही या संग्रहाची मोठी जमेची बाजू आहे. एका कार्डावरून एका दिवसाचे जेवण कळते. ओळीने ठेवलेल्या कार्डांवरून भाव कसे वाढले, कोणता पदार्थ नव्याने आला आणि कोणता नाहीसा झाला, हे दिसू लागते.

रेल्वेच्या भोजनडब्यांची मेनूकार्डे

बटॉल्फ संग्रह आकाराला येत होता, त्याच काळात अमेरिकेत रेल्वेतील भोजनव्यवस्था भरभराटीस आली होती. त्यापूर्वी गाडी एखाद्या स्थानकावर वीसेक मिनिटे थांबे आणि तेवढ्या वेळात प्रवाशांना घाईघाईने जेवण उरकावे लागे. अनेक ठिकाणी अन्न निकृष्ट असे. १८६८मध्ये जॉर्ज पुलमन यांनी न्यू यॉर्कमधील प्रसिद्ध उपाहारगृहाचे नाव दिलेला डेल्मोनिको हा भोजनडबा शिकागो अँड आल्टन रेल्वेवर आणला. १८७६मध्ये फ्रेड हार्वी यांनी कॅन्सस राज्यातील टोपीका येथे सँटा फे रेल्वेच्या स्थानकावर स्वच्छ व नेटके उपाहारगृह सुरू केले. यानंतर रेल्वे कंपन्यांमध्ये उत्तम जेवण देण्याची चढाओढ लागली.

भोजनडबा चालवणे कंपन्यांना बहुधा तोट्याचेच पडे. अरुंद स्वयंपाकघर, धावत्या गाडीतील शेगडी, नाशवंत माल आणि मोठा नोकरवर्ग यांमुळे खर्च फार येई. तरीही जेवणाच्या लौकिकामुळे प्रवासी आपल्या गाडीकडे वळतात, हे ओळखून कंपन्या तो खर्च सोसत. त्यामुळे भोजनडब्याचे मेनूकार्ड हे पदार्थांच्या यादीबरोबरच कंपनीची जाहिरातही असे. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने १९०९च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातील यकिमा खोऱ्यातील अतिशय मोठे बटाटे विकत घेण्यास आरंभ केला. आकारामुळे बाजारात न खपणारे हे बटाटे भाजून भोजनडब्यात वाढले जाऊ लागले आणि पुढे तीच त्या कंपनीची ओळख ठरली. गाडी ज्या प्रदेशातून जाते त्या प्रदेशाचे पीक प्रवाशाच्या ताटात कसे आले, याचा पुरावा अशा कार्डांत मिळतो.

आगबोटींच्या मेनूकार्डांचाही संग्रहात मोठा भाग आहे. नॉर्थ जर्मन लॉइड या जर्मन कंपनीच्या बोटींवरील अनेक कार्डे त्यात आहेत. प्रवासातील जेवण प्रवाशाच्या स्मरणात दीर्घकाळ राहते, परंतु त्याचा तपशील पुसट होत जातो. तारीख व मार्ग छापलेले कार्ड हाती असल्यास तो तपशील पडताळून पाहता येतो.

संग्रहाच्या मर्यादा

मेनूकार्ड जेथे छापले जाते तेथीलच जेवणाची नोंद अशा संग्रहात होऊ शकते. घरातील स्वयंपाक, मजुरांची न्याहारी किंवा स्थलांतरितांनी आगगाडीत बरोबर नेलेली भाकरी यांची कार्डे निघत नसत. त्यामुळे बटॉल्फ संग्रहात सुस्थितीतील वर्गाचे चित्र अधिक ठळक आहे. तसेच अन्न शिजवणाऱ्यांची व वाढणाऱ्यांची नावे कार्डावर क्वचितच असत. अमेरिकेतील भोजनडब्यांत वाढपी म्हणून प्रामुख्याने कृष्णवर्णीय कामगार काम करीत. त्यांच्या श्रमांवर ही सारी व्यवस्था उभी असूनही मेनूकार्डांत त्यांचा मागमूस लागत नाही. संग्रहाचा उपयोग करताना अभ्यासकांना ही उणीव ध्यानात ठेवावी लागते.

अखेरची वर्षे

१९११मध्ये न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची फिफ्थ ॲव्हेन्यूवरील भव्य इमारत खुली झाली. संग्रहास पाठबळ देणारे बिलिंग्ज १९१३मध्ये निवर्तले. बटॉल्फ यांचे काम पुढेही चालू राहिले आणि १९२०च्या दशकाच्या आरंभी संग्रहाने २५,००० कार्डांचा टप्पा ओलांडला होता. मात्र वाढत्या वयाबरोबर ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांशी त्यांचे खटके उडू लागले. त्यांचे शीळ घालणे, मेजावरील पसारा आणि तुसडे वागणे यांविषयी तक्रारी झाल्या. अखेर १९२३मध्ये ग्रंथालयाने त्यांना कामावरून दूर केले. ज्या संग्रहाभोवती त्यांचे सारे जीवन गुंफले गेले होते, त्याच्यापासून त्यांना असे वेगळे व्हावे लागले. त्यानंतर काही महिन्यांतच, २७ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. वेतन नसलेल्या या कामात त्यांना अधिकारपद कधीच मिळाले नव्हते. कार्डांवरील शिक्क्यात मात्र त्यांचे नाव कायम राहिले.

संग्रहाचा उपयोग

बटॉल्फ यांच्या पश्चात ग्रंथालयाने संग्रहात भर घातली असून एकूण मेनूकार्डांची संख्या आता सुमारे ४५,००० आहे. खाद्यसंस्कृतीचे इतिहासकार, अर्थशास्त्राचे अभ्यासक, कादंबरीकार आणि मुद्रणकलेचे अभ्यासक त्याचा उपयोग करतात. २००५च्या सुमारास सागरी जीवसृष्टीच्या अभ्यासकांनी जुन्या मेनूकार्डांवरील माशांच्या व शेवंडांच्या किमतींचा अभ्यास केला. पूर्वी समुद्रात कोणता जीव किती प्रमाणात होता याची मोजदाद झालेली नसल्याने, तो ताटात किती स्वस्त वा महाग मिळत होता यावरून अंदाज बांधण्याचा हा प्रयत्न होता. अशा उपयोगाची कल्पना बटॉल्फ यांच्या काळात कोणी केली नसावी.

एप्रिल २०११मध्ये ग्रंथालयाने मेनूकार्डांच्या प्रतिमा महाजालावर ठेवून त्यांवरील मजकूर उतरवून काढण्याचे आवाहन सर्वसामान्य नागरिकांना केले. या उपक्रमात स्वयंसेवकांनी १७,०००हून अधिक कार्डांवरील सुमारे १३ लाख पदार्थांच्या नोंदी केल्या. एका स्वयंसेविकेने उभारलेला संग्रह अशा रीतीने स्वयंसेवकांच्याच हातून सर्वांसाठी खुला झाला.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात नित्योपयोगी वस्तूंचे ऐतिहासिक मोल ओळखणारे संग्राहक म्हणून पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचे नाव प्रथम घेतले जाते. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे आणि स्वयंपाकघरातील उपकरणे यांचा त्यांनी केलेला संग्रह राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. छापील मेनूकार्डांचा असा एकत्रित संग्रह मात्र महाराष्ट्रात फारसा परिचित नाही.

येथील रेल्वेप्रवासातील खाण्याचा इतिहास समृद्ध आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन ही मुंबई–पुणे गाडी तिच्या भोजनडब्यासाठी प्रसिद्ध असून तेथील ऑम्लेट, कटलेट व चीज टोस्ट यांच्या आठवणी प्रवाशांच्या अनेक पिढ्या सांगतात. २०२२मध्ये या गाडीला नवे डबे मिळाले, तेव्हाही भोजनडबा कायम ठेवण्यात आला. घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिन जोडताना गाड्या कर्जतला थांबत. त्या थांब्यामुळे कर्जतचा बटाटावडा सर्वदूर पोहोचला. ब्रिटिश काळात अनेक स्थानकांवर हिंदू व मुसलमान प्रवाशांसाठी पाण्याची व उपाहाराची वेगवेगळी सोय असे. त्यामुळे कोणी कोणाच्या हातचे खावे, हा प्रश्नही या इतिहासाचाच भाग ठरतो.

बहुसंख्य प्रवासी मात्र तिसऱ्या वर्गाने जात आणि घरून शिदोरी नेत. मेढा, वाई, महाबळेश्वर या भागात रेल्वे नसल्याने तेथील लोक आगगाडीसाठी वाठार किंवा सातारा रोड यांसारखी स्थानके गाठत. मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत कामाला जाणाऱ्या सातारा जिल्ह्यातील माणसांच्या फडक्यात बांधलेल्या भाकरी, दशम्या, चटणी व कांदा यांचे मेनूकार्ड कोणी छापले नाही. अशा जेवणाची नोंद आठवणी, पत्रे व आत्मचरित्रे यांतूनच गोळा करता येते. मेनूकार्डांचे संग्रह आणि अशा आठवणी एकत्र वाचल्या, तरच प्रवासातील जेवणाचा इतिहास पूर्ण होतो.