राजाचे पोट उघडणारे शल्यविशारद : सर फ्रेडरिक ट्रीव्हज

24 जून 1902. सातवे एडवर्ड यांच्या राज्याभिषेकाला दोनच दिवस उरले होते. हिंदुस्थानातील संस्थानिकांसह देशोदेशीचे पाहुणे लंडनमध्ये दाखल झाले होते. अशा वेळी बकिंगहॅम राजवाड्यातील एका खोलीत शस्त्रक्रियेचे टेबल मांडले गेले. राजांच्या पोटात, उजव्या बाजूला पू साचला होता. सोहळा पुढे ढकलण्यास ते तयार नव्हते. तसे असेल तर तेथे आपले शवच जाईल, असे फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी त्यांना सुनावल्याचे सांगितले जाते.

ट्रीव्हज यांचा जन्म 1853 मध्ये इंग्लंडमधील डॉर्चेस्टर येथे झाला. लंडनच्या गरीब वस्तीतील लंडन हॉस्पिटलमध्ये ते शिकले आणि तेथेच शल्यविशारद म्हणून नावारूपाला आले. 'एलिफंट मॅन' म्हणून जत्रेत दाखविल्या जाणाऱ्या जोसेफ मेरिक यांना त्यांनीच या रुग्णालयात आसरा मिळवून दिला. सर्वसामान्य वाचक त्यांना आज ओळखतो तो त्यामुळेच. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव जोडलेले आहे ते अपेंडिक्सशी, म्हणजेच आंत्रपुच्छाशी.

आंत्रपुच्छ फुटले की आतड्यातील जंतू उदरपोकळीत उतरतात. शरीराने त्यांना भोवतालच्या आतड्यांच्या वेटोळ्यात कोंडले, तर गळू होते. कोंडता आले नाही, तर संसर्ग पोटभर पसरतो आणि त्या काळी त्यातून रुग्ण क्वचितच वाचे. दुखण्याच्या भरात पोट उघडल्यास जंतू अधिक पसरतील, या भीतीने ट्रीव्हज वाट पाहण्याच्या मताचे होते. दाह ओसरल्यावर शांतपणे शस्त्रक्रिया करावी आणि पू झालाच तर तो काढून टाकावा, असे ते मानीत. 1887 मध्ये तर त्यांनी एका रुग्णाचे वाकलेले आंत्रपुच्छ न कापता केवळ सरळ केले होते. अमेरिकेतील काही शल्यविशारद मात्र पहिल्या काही तासांतच शस्त्रक्रिया करावी, असा आग्रह धरू लागले होते. पुढे वैद्यकाने बव्हंशी त्यांचीच वाट धरली.

कोणता रुग्ण आपोआप बरा होईल आणि कोणाचे आंत्रपुच्छ फुटेल, हे आधी सांगणे तेव्हा जवळजवळ अशक्य होते. 1900 मध्ये ट्रीव्हज यांची धाकटी मुलगी हेटी याच आजाराने दगावली. या विषयातील इंग्लंडचा अग्रगण्य जाणकार तिचा पिता होता.

दोन वर्षांनी राजांबाबतही आधी वाट पाहिली गेली. मध्यंतरी थोडा उतार पडला आणि दुखणे पुन्हा बळावले. तेव्हा निर्जंतुक शस्त्रक्रियेचे प्रणेते, वयोवृद्ध जोसेफ लिस्टर यांच्यासह इतर वैद्यांशी विचारविनिमय करून ट्रीव्हज यांनी गळू फोडले आणि निचऱ्यासाठी नळ्या ठेवल्या. आंत्रपुच्छ जागच्या जागीच राहू दिले. आजच्या वाचकाला हे अर्धवट काम वाटेल, परंतु पुवाला वाट मिळणे हेच त्या क्षणी जीवनमरणाचे होते. प्रतिजैविके हाती असूनही उदरातील गंभीर संसर्गात संसर्गाचे मूळ गाठणे आणि साचलेला पू काढणे याला आज पर्याय नाही. राजे बरे झाले आणि 9 ऑगस्टला राज्याभिषेक पार पडला. ट्रीव्हज यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली.

पुढे त्यांनी शस्त्र खाली ठेवले आणि प्रवास व लेखनात मन रमविले. 1905 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जगप्रवासाच्या वर्णनात हिंदुस्थानही आहे. 7 डिसेंबर 1923 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. कारण होते उदरावरणाचा दाह. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा पाच वर्षे बाकी होती. त्यांची रक्षा डॉर्चेस्टरला आणण्यात आली. अंत्यविधीला त्याच परिसरातील वयोवृद्ध कादंबरीकार थॉमस हार्डी उपस्थित होते.