मूठभर पीठ



पिठाचे मोल उपाशी राहिलेल्यालाच कळते. पंडिता रमाबाईंना ते कळले होते. त्यांचा जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले.

पुढे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ते हातावेगळे करून १९२२ मध्ये त्या देवाघरी गेल्या. त्याच शास्त्रात सारफथची विधवा आहे. दुष्काळात मडक्यात मूठभरच पीठ उरले असता तिने पहिली भाकर एलीयाला दिली आणि ते पीठ सरले नाही. लेवीय ग्रंथात तर कबुतरांची जोडीही न परवडणाऱ्याचे थोडेसे सपीठ पापार्पण म्हणून स्वीकारले जाई. गरिबाचे पीठ देवाने कमी लेखले नाही.

आपल्या वेदीवरची भाकरही पिठाचीच. ती स्वीकारून घरी जाताना शेजारची चूल पेटली आहे का, एवढे आपण पाहू या.