बांसरीवादक क्वांट्झ

जें काम एकदां हातवळणी पडलें तें सोडून त्याहून अवघड काम पत्करण्यास मोठें धैर्य लागतें. पहिल्या कामांत मिळविलेला मान मागें राहतो आणि माणसाला पुन्हां पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागतो. अठराव्या शतकांतील जर्मन बांसरीवादक योहान योआखिम क्वांट्झ यानें हें धैर्य दाखविलें.

क्वांट्झचा जन्म ३० जानेवारी १६९७ रोजीं गटिंगेन शहराजवळील ओबरशेडेन ह्या खेड्यांत झाला. बाप लोहार होता व मुलानेंहि तोच धंदा करावा अशी त्याची मरतेवेळची इच्छा होती. १७०७ सालीं बाप वारला. पोरक्या मुलास दोघां चुलत्यांनीं आश्रय देऊं केला. त्यांपैकीं एक शिंपी होता, दुसरा मेर्झेबुर्ग गांवचा वाजंत्री. मुलानें वाजंत्र्याचें घर पसंत केलें. थोड्याच महिन्यांत हाहि चुलता वारला. परंतु त्याच्या जागीं आलेल्या वाजंत्र्यापाशीं मुलानें उमेदवारी पुरी केली. गांवच्या वाजंत्र्यास सर्वच वाद्यें वाजवावीं लागत. त्यामुळें व्हायोलिन, ओबो, कर्णा अशीं अनेक वाद्यें त्याला येऊं लागलीं.

१७१८ सालीं पोलंडचा राजा व सॅक्सनीचा अधिपति दुसरा ऑगस्टस याच्या पोलिश वाद्यवृंदांत त्याला ओबोवादकाची जागा मिळाली. ओबो हें आपल्या सनईच्या जातीचें वाद्य. बोरूच्या दोन पातळ पात्या ओठांत धरून तें वाजवितात. पोटाची चिंता मिटली. पण वरच्या जागा जुन्या वादकांनीं अडविलेल्या असल्यामुळें पुढें जाण्यास वाट नव्हती. वाद्यवृंदांतील बांसरीवादकास मात्र आपल्या पहिल्या जागेची फारशी आसक्ति नव्हती. तेव्हां १७१९ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, क्वांट्झनें ओबो बाजूस ठेवून आडवी बांसरी हातीं घेतली.

वाट मोकळी होती, परंतु सोपी नव्हती. ओबोमध्यें नाद उत्पन्न करणाऱ्या पात्या तयार असतात; बांसरींत तें काम वादकाच्या ओठांनाच करावें लागतें. फुंकीचा कोन किंचित् चुकला कीं स्वर उतरतो किंवा नुसती हवा वाहते. त्या काळच्या बांसरीस सहा भोकें व एकच चावी असे. त्यामुळें पुष्कळसे स्वर अडचणीच्या बोटांनीं काढून कानानें शुद्ध करावे लागत. शिवाय बांसरीसाठीं लिहिलेलें संगीतहि तुटपुंजें होतें. क्वांट्झ ड्रेस्डेनच्या दरबारांतील फ्रेंच बांसरीवादक ब्युफार्दें याच्याकडे चार महिने शिकला. जें संगीत नव्हतें तें त्यानें स्वतः रचण्यास आरंभ केला. अशा रीतीनें वाद्याच्या उणिवेंतूनच एक रचनाकार जन्मास आला.

१७२४ ते १७२७ ह्या काळांत त्यानें इटली, फ्रान्स व इंग्लंड येथें प्रवास केला आणि रोममध्यें गास्पारिनीपाशीं संगीतशास्त्राचें अध्ययन केलें. १७२६ सालीं पॅरिस येथें, अगदीं लागून असलेले दोन स्वर निरनिराळे व शुद्ध निघावेत म्हणून, त्यानें बांसरीला दुसरी चावी बसविली.

१७२८ सालीं बर्लिनमध्यें त्याचें वादन ऐकून प्रशियाचा सोळा वर्षांचा युवराज फ्रेडरिक त्याचा शिष्य झाला. युवराजाच्या कडक पित्यास हा छंद मुळींच खपत नसे. एकदां राजा अवचित आल्यामुळें गुरूला कोठडींत लपावें लागलें, असें सांगतात. १७४० सालीं फ्रेडरिक गादीवर आला व पुढील वर्षीं त्यानें क्वांट्झला आपल्या पदरीं ठेविलें. वार्षिक वेतन २००० थालर. नवीन रचनांचें द्रव्य निराळें आणि स्वहस्तें बनविलेल्या प्रत्येक बांसरीस १०० डुकाट. त्यानें बांसरीसाठीं सुमारें ३०० कॉन्चेर्तो रचले. १७५२ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा बांसरीवादनावरील ग्रंथ अभ्यासक आजहि वाचतात. १२ जुलै १७७३ रोजीं पॉट्सडाम येथें त्याचें निधन झालें.

विद्यार्थिबंधूंनो, क्वांट्झनें केवळ अवघड म्हणून बांसरी उचलली नाहीं. जेथें वाढीस जागा होती तेथें तो गेला, आणि तेथील कष्ट त्यानें नाकारले नाहींत. राजाचा गुरु होण्यापूर्वीं, हातीं बरी जागा असतांना, तो पुन्हां शिष्य झाला. त्याच्या थोरवीचा उगम ह्या चार महिन्यांच्या शिष्यपणांत आहे.