विश्लेषण : भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण एकेकाळी पुण्यात होती! ती उभारणारे कावसजी नायगमवाला कोण होते?

विरारच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर हौशी मुले जाड काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर घासून दुर्बिणीचा आरसा तयार करत असतील, तर ती एका जुन्या परंपरेतले काम करत असतात. महाराष्ट्रात काचेच्या आरशाच्या दुर्बिणीने आकाशाचे गंभीर संशोधन सव्वाशे वर्षांपूर्वीच सुरू झाले होते. ते एका प्राध्यापकाने जवळजवळ एकट्याच्या बळावर केले. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांनी पुण्यात उभारलेली वेधशाळा २४ वर्षे चालली आणि ते निवृत्त होताच बंद झाली. हे सारे कसे घडले, याचा हा वेध.

१८५७ साली दोन जन्म

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लिओं फुको या शास्त्रज्ञाने काचेच्या आरशावर चांदीचा पातळ थर चढवून दुर्बीण तयार केली. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे लंबकाच्या प्रयोगाने दाखवणारे ते हेच फुको. म्युनिकमध्ये श्टाइनहाइल यांनीही त्याच सुमारास असा आरसा स्वतंत्रपणे बनवला होता. पुढे नायगमवाला यांचे सारे आयुष्य ज्या साधनाभोवती फिरले, ते त्यांच्याच वयाचे होते.

त्यांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८७८ मध्ये ते भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन एम. ए. झाले. १८८२ मध्ये त्याच कॉलेजात ते प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्या काळी आपल्याकडे विज्ञान शिकवणे म्हणजे बहुतांशी पुस्तकातले सांगणे असे. स्वतः मोजमाप करून नवे काही शोधण्याची सोय फारच थोड्या ठिकाणी होती. ती सोय निर्माण करायची, तर आधी पैसे हवे होते.

पाच हजार रुपयांची देणगी

१८८२ मध्येच भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी एल्फिन्स्टन कॉलेजला भेट दिली आणि वर्णपटाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारण्यासाठी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. प्रकाश लोलकातून नेला की त्याचे रंग वेगळे होतात आणि त्या रंगपट्ट्यातल्या रेषांवरून तो प्रकाश कोणत्या मूलद्रव्यातून आला हे कळते. त्या काळातले हे सर्वांत नवे शास्त्र होते.

उपकरणे घेण्यासाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांनी त्यांना वेगळाच सल्ला दिला. नुसती प्रयोगशाळा कशाला? ताऱ्यांचे वर्णपट घेणारी वेधशाळाच उभारा. भारताचे आकाश पावसाळा सोडला तर महिनोन् महिने निरभ्र असते. धुके आणि ढगांनी गांजलेल्या इंग्लंडला ते सुख नव्हते. नायगमवाला यांना हा विचार पटला. मुंबईतल्या प्रयोगशाळेच्या बेताचे रूपांतर वेधशाळेच्या बेतात झाले.

१८८५ मध्ये ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच कॉलेज पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे सीओईपी म्हणून प्रसिद्ध झाले. तिथे १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिचे मुख्य साधन होते डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली, २० इंची म्हणून ओळखली जाणारी परावर्ती दुर्बीण. त्या काळात भारतात तिच्याएवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

काचेच्या आरशात एवढे विशेष काय?

दुर्बिणी दोन प्रकारच्या असतात. एकीत भिंगातून प्रकाश आरपार जातो, दुसरीत अंतर्वक्र आरशावरून परावर्तित होतो. भिंगाची काच आतून निर्दोष लागते. बुडबुडा, रेघ, रंगाची झाक काहीही चालत नाही. आरशाचे तसे नाही. प्रकाश काचेच्या आत शिरतच नाही, वरच्या चांदीवरूनच मागे फिरतो. त्यामुळे किंचित हिरवट काचही चालते. काचेचे काम एकच, दिलेला आकार न बदलता धरून ठेवणे.

फुको यांच्याआधी आरसे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. न्यूटन यांनी १६६८ मध्ये असाच आरसा वापरला. विल्यम हर्शल धातूचे आरसे स्वतः ओतत आणि घासत. १७८१ मध्ये त्यांनी घरी बनवलेल्या दुर्बिणीतूनच युरेनस शोधला. पण धातूचा आरसा प्रकाशाचा मोठा भाग गिळून टाकी आणि कालांतराने काळवंडे. मग पुन्हा घासायचा. घासला की मोठ्या कष्टाने साधलेली वक्रताही बिघडायची.

काचेने ही अडचण सोडवली. चांदीही काळी पडते, पण ती आम्लाने धुऊन काढता येते आणि नवा थर चढवता येतो. खालच्या काचेचा आकार तसाच राहतो. शिवाय ताजी चांदी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठवते. दमट हवा आणि पावसाळा असलेल्या देशात ही सोय फार मोलाची होती.

चकती कशी बनते?

आरशाची सुरुवात होते ती काचेच्या जाड गोल चकतीपासून. दुर्बीण बनवणारे तिला ब्लँक म्हणतात. वितळलेली काच साच्यात ओतणे हा सोपा भाग. खरी कसोटी ती थंड करण्यात असते. बाहेरचा भाग लवकर निवला आणि आतला गरम राहिला, तर काचेत ताण अडकून बसतो. अशी चकती घासताना तडकते किंवा महिन्याभराने आपोआप वाकते. म्हणून भट्टीचे तापमान अगदी हळूहळू उतरवतात. चकती जितकी जाड, तितका हा काळ मोठा. मोठ्या चकत्यांना आठवडे, तर कधी महिने लागतात.

चकतीची जाडी व्यासाच्या साधारण एक षष्ठांश असावी, असा जुना दंडक आहे. त्या हिशेबाने २० इंची चकती ४० किलोच्या घरात जाते. एवढे वजन पेलून, ताऱ्याच्या मागोमाग संथपणे फिरणारा सांगाडा बनवणे हीच ग्रब यांची खासियत होती.

भारतात तेव्हा अशी काच बनत नव्हती. महाराष्ट्रात लोकांनी पैसा-पैसा जमवून उभारलेला पैसा फंड काच कारखाना तळेगावला १९०८ मध्ये सुरू झाला, तर ओगले बंधूंचा कारखाना त्यानंतर काही वर्षांनी आला. त्यांचा भर बाटल्या, कंदिलाच्या काचा अशा रोजच्या वस्तूंवर होता. नायगमवाला यांना आरसा परदेशातूनच आणावा लागला, यात नवल नाही.

इंग्लंडमध्ये मात्र आरसे बनवणे ही केवळ कारखानदारांची मक्तेदारी नव्हती. अँड्र्यू कॉमन हे पेशाने सांडपाणी व्यवस्थेचे अभियंता. लंडनजवळ ईलिंगला घराच्या आवारात मोठ्या आरशाची दुर्बीण बसवून त्यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. त्यासाठी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना १८८४ मध्ये सुवर्णपदक दिले. पुढे आरसे स्वतः घासण्यातही त्यांनी नाव कमावले. नायगमवाला इंग्लंडला गेले ते हेच वर्ष. चांदी चढवलेल्या काचेची ताकद तिथे तेव्हा सर्वांसमोर सिद्ध झालेली होती.

पुण्यातून लॉकियर यांना उत्तर

कॉमन यांनी टिपलेल्या त्याच तेजोमेघाकडे नायगमवाला यांनी पुण्याची दुर्बीण वळवली. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती कशाची, यावर युरोपात मोठा वाद पेटला होता. नॉर्मन लॉकियर यांचे म्हणणे होते की ती मॅग्नेशियममुळे उमटते. तसे असेल तर रेषेची एक कड पुसट, पसरलेली दिसायला हवी होती. लॉकियर यांचा त्या वेळचा दबदबा मोठा होता. सूर्यातील हेलियमच्या शोधाशी त्यांचे नाव जोडलेले होते आणि नेचर या नियतकालिकाचे ते संस्थापक-संपादक होते.

नायगमवाला यांनी पुन्हा पुन्हा निरीक्षणे घेतली. प्रत्येक वेळी रेषा धारदारच दिसली. १८९१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये हगिन्स आणि अमेरिकेत कीलर यांची निरीक्षणेही लॉकियर यांच्या विरोधातच गेली. ती रेषा ऑक्सिजनची असल्याचे इरा बोवेन यांनी दाखवले ते थेट १९२७ मध्ये. अत्यंत विरळ वायूत, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन हा प्रकाश सोडतो. नायगमवाला यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. पण काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्यांनी अचूक नोंदवले होते. वसाहतीतल्या एका कॉलेजातील शिक्षकाने साम्राज्याच्या राजधानीतल्या नामवंताचे म्हणणे निरीक्षणाच्या जोरावर खोडणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

जेऊरचे ग्रहण, विजयदुर्गचे लॉकियर

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रातून गेला. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेगची साथ होती. नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांची तुकडीही त्याच परिसरात होती. हाताशी होती जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात सूर्याच्या प्रभामंडळाची छायाचित्रे आणि वर्णपट टिपायचे होते. या मोहिमेचा सविस्तर अहवाल नायगमवाला यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केला.

त्याच ग्रहणासाठी लॉकियर कोकणात विजयदुर्गला आले होते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात १८६८ मध्ये ते इंग्लंडमध्ये होते आणि तिथूनच, ग्रहण नसताना, त्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गचा त्यांचा मुक्काम १८९८ चा.

मग वेधशाळा बंद का झाली?

पुण्याच्या वेधशाळेला नायगमवाला यांच्याखेरीज आधार नव्हता. तिच्या कामाची धुरा पुढे नेईल अशी दुसरी फळी तयार झाली नाही. दरम्यान सरकारने १८९९ मध्ये तामिळनाडूतील डोंगरात कोडाईकनाल वेधशाळा सुरू केली होती आणि सौर संशोधनाचा सारा भर तिकडे वळला होता. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. वेधशाळेला टाळे लागले आणि सरकारी आदेशाने तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. त्यांत ती दुर्बीणही होती. भावनगर दुर्बीण या नावाने ती तिथे ओळखली जाऊ लागली. देणगी देणाऱ्या संस्थानाचे नाव तिच्याबरोबर गेले. जिथे तिने काम केले, त्या शहराचे नाव मागे पडले.

नायगमवाला १९३८ मध्ये निवर्तले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९४४ मध्ये, पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था पुण्यात आली १९८८ मध्ये, म्हणजे तख्तसिंहजी वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी. जुन्नरजवळ गिरावली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आज काम करते.

आज घरी आरसा बनवता येतो का?

येतो. सहा इंची आरशासाठी दीडशे मिलिमीटर व्यासाची चकती लागते. घरांच्या खिडक्यांची साधी काच तापमानाने बरीच प्रसरण पावते. प्रयोगशाळेतल्या भांड्यांची बोरोसिलिकेट काच तिच्या साधारण एक तृतीयांशच. म्हणून ती अधिक चांगली. ती मिळाली नाही तर १९ मिलिमीटर जाडीच्या साध्या काचेवरही काम भागते. फक्त निरीक्षणाआधी आरसा बाहेरच्या हवेशी जुळेपर्यंत थांबावे लागते.

दोन चकत्यांमध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालून घासत राहिले की वरची चकती खोलगट होते, खालची फुगीर. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या सहा इंची आरशाला मधोमध जेमतेम सव्वा मिलिमीटर खोली लागते. मग भुकटी बारीक बारीक करत नेतात आणि शेवटी राळेच्या थरावर चकाकी आणतात. वक्रतेतली चूक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून कमी असावी लागते. ती तपासायला महागडे यंत्र लागत नाही. एक बारीक दिवा आणि दाढीचे पाते पुरते. ही युक्तीही फुको यांचीच, १८५८ ची. आता चांदीऐवजी निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमचा थर चढवून घेतात.

वसई-विरारमध्ये अडचण काचेची नाही, उजेडाची आहे. मुंबईच्या झगमगाटाने दक्षिणेचे आकाश धूसर झाले आहे. तरी चंद्राची विवरे, गुरूचे उपग्रह आणि शनीची कडी घरच्या आरशातून स्पष्ट दिसतात. हिवाळ्यात, वाऱ्याने आकाश स्वच्छ केलेल्या रात्री, मृगातला तो तेजोमेघही दिसतो. त्याच्या हिरव्या रेषेसाठी पुण्यातल्या एका प्राध्यापकाने रात्री जागवल्या होत्या.