गायरानासाठी तुरुंग भरणारा धोतरवाला पुढारी : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

भूमिहीनांना जमीन देणारी एक सरकारी योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत मिळते. योजनेला नाव आहे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचं. समाजकल्याणच्या फॉर्मवर हे नाव अनेकांनी लिहिलं असेल. पण हा माणूस कोण, असं विचारलं की आपली पोरं गप्प बसतात. म्हणून हा लेख.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 चा. गाव आंबे, तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक. म्हणजे आपल्यासारख्याच खेड्यातला माणूस. अंगावर शेवटपर्यंत धोतर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा त्यांच्यावर फार विश्वास. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकात छापली गेली.

2 मार्च 1930 ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब सगळा वेळ नाशिकला थांबू शकत नव्हते. जागेवर राहून लढा चालवायची जबाबदारी दादासाहेबांवर आली. माणसं गोळा करायची, त्यांच्या भाकरीची सोय बघायची, दगड खायचे, तुरुंगात जायचं, असं काही वर्षं चाललं. दार काही उघडलं नाही. 1935 ला नाशिक जिल्ह्यातच येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली.

दादासाहेब 1937 ला मुंबई विधिमंडळात गेले. महारवतनाच्या प्रश्नावर ते झगडले. वतन म्हणजे नावाला जमिनीचा तुकडा आणि त्याच्या बदल्यात गावाची राबणूक. 1956 ला बाबासाहेब गेले. 1957 ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षी दादासाहेब लोकसभेवर निवडून आले.

खरी परीक्षा इथून पुढे. बाबासाहेबांनी अखेरच्या वर्षी आग्र्याला एक खंत बोलून दाखवली होती. शिकलेले नोकरीला लागले, पण खेड्यातल्या भूमिहीनासाठी काही करता आलं नाही, अशी ती खंत. दादासाहेबांनी तीच हाती धरली. मंदिराचं दार उघडलं तरी संध्याकाळची चूल पेटत नाही. त्याला जमीन लागते. आणि गावोगाव सरकारी पडीक, गायरान जमीन पडून होती.

पक्षातल्या काही शिकलेल्या वकील मंडळींना हा रस्ता पटला नाही. मोर्चे, सत्याग्रह नको, कायद्याच्या वाटेने जा, असं त्यांचं म्हणणं. धोतरवाले आणि सुटाबुटातले असा वाद पेटला आणि पक्ष फुटला. तरीही दादासाहेब थांबले नाहीत. 1959 ला भूमिहीनांचा पहिला मोठा सत्याग्रह झाला.

त्याहून मोठा झाला 1964 चा. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्या दिल्या होत्या : पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, धान्य परवडेल अशा भावात द्या, किमान मजुरीचा कायदा पाळा, नवबौद्धांना सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. 6 डिसेंबर 1964 पासून देशभर अटकसत्र सुरू झालं. तीन लाखांहून जास्त माणसं तुरुंगात गेल्याची नोंद आहे. त्यात बाया होत्या, काहींच्या कडेवर लेकरं होती. ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर, त्याने आठ-पंधरा दिवस तुरुंगात बसणं म्हणजे काय, हे मजुरी करणाऱ्यालाच कळेल. शेवटी सरकारला बोलणी करावी लागली. काही मागण्या मान्य झाल्या. ठिकठिकाणी पडीक जमिनी वाटल्या गेल्या, पण पुष्कळ काम कागदावरच राहिलं. तैलचित्र तर संसदेत लागलं 1990 ला.

त्यांच्यावर टीकाही झाली. 1967 च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी जुळवून घेतलं, ते अनेक कार्यकर्त्यांना आवडलं नाही. 1968 ला त्यांना पद्मश्री मिळाली. 29 डिसेंबर 1971 ला ते गेले. पुढे पाच महिन्यांनी मुंबईत तरुण पोरांनी दलित पँथर काढली. पक्षाच्या फाटाफुटीला ही पोरं कंटाळली होती. पण रस्त्यावर उतरून हक्क मागायची सवय समाजाला आधीच लागलेली होती. ती लावणाऱ्यांत दादासाहेब पुढे होते.

आज मराठवाड्यात आणि इतरत्रही गायरान कसणारी कितीतरी कुटुंबं सातबाऱ्यावर नाव लागायची वाट बघतात. दोन-दोन पिढ्या त्याच तुकड्यावर राबल्या. कधी अतिक्रमण हटवायची नोटीस येते आणि घरात चूल पेटत नाही. गावात कुणी त्यांना अतिक्रमणवाले म्हणून हिणवलं, तर एवढं सांगा, की याच जमिनीसाठी साठ वर्षांपूर्वी लाखो गरीब हसत तुरुंगात गेले होते. आणि योजनेचा फॉर्म भराल तेव्हा वरचं नाव एकदा नीट वाचा.